मानसशास्त्र कुठून आलं, आणि त्याबद्दल आपण काय काय धरून बसलोय

कोकणात विहीर खणायची ठरली की आजही पुष्कळ घरांत आधी पाणाडी येतो आणि मग जेसीबी. कोणी बेचक्याची फांदी दोन्ही हातांत धरतो, कोणी शेंडी राखलेला सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवतो. पाणाडी परड्यातून सावकाश चालतो. एका जागी नारळ हळूच उभा राहतो आणि तिथे खुंटी ठोकली जाते. हा माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो. नारळ आपण उठवला नाही याची त्याला स्वतःला खात्री असते, आणि जवळून बघणाऱ्यालाही हात हललेला दिसत नाही.

मानसशास्त्राची ओळख करून द्यायला हा नारळ फ्रॉइडच्या कोचापेक्षा कितीतरी बरा. ‘मनाच्या तळाशी काय दडलंय’ या प्रश्नातून हे शास्त्र निघालं, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते निघालं एका रुक्ष शंकेतून: माणूस स्वतःबद्दल जे खात्रीने सांगतो आणि त्याचं शरीर जे करतं, त्यात फरक पडत असेल तर तो मोजायचा कसा?

1853 साली लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं खूळ होतं. पाच-सहा जण टेबलावर हात ठेवून बसायचे आणि थोड्या वेळाने टेबल आपोआप सरकू लागायचं. कोणी म्हणे आत्मे, कोणी म्हणे वीज. वीज आणि चुंबकत्वावर काम करणारा मायकेल फॅरेडे याने एक साधी युक्ती केली. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचले, मध्ये मऊ चिकट लुकणाचे ठिपके लावले आणि ही थप्पी टेबल व हात यांच्यामध्ये ठेवली. टेबल आधी सरकलं तर खालचा पुठ्ठा पुढे गेलेला दिसणार. हात आधी सरकले तर वरचा. वरचाच पुढे गेला होता. मग त्याने हाताची अगदी बारीक हालचालही दाखवेल असा एक काटा जोडला. काटा बसलेल्यांना दिसू लागताच टेबल फिरायचं थांबलं. कोणी फसवत नव्हतं. हालचालीची अपेक्षा मनात असली की स्नायू ती हालचाल नकळत सुरू करतात. विल्यम कार्पेंटर याने 1852 मध्ये याला इडिओमोटर क्रिया असं नाव दिलं होतं.

तळहातावरचा आडवा नारळ तर मुळातच डळमळीत. बोटांचा कोन किंचित बदलला तरी तो कलंडतो किंवा उठतो. पण मग पाणी लागतं कसं? त्याचं उत्तर जमिनीत आहे. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, वर सच्छिद्र जांभा आणि त्याच्याखाली पाणी अडवणारी चिकण माती. सड्याच्या (कातळी पठाराच्या) उताराखाली, सखल भागात बऱ्याच ठिकाणी खणलं तरी काही ना काही पाणी लागतंच. खरा प्रश्न असतो तो एप्रिल-मेमध्ये ते टिकतं का हा, आणि खुंटी मारताना तो कोणी विचारत नाही. शिवाय अनुभवी पाणाड्याची नजर उतार, झाडं, वारुळं, शेजारच्या विहिरी हे सगळं टिपत असते. ते ज्ञान खरं आहे. नारळ फक्त ते त्याच्या नकळत बोलून दाखवतो.

पडताळून बघायचं असेल तर परड्यात क्रमांक घातलेल्या वीस खुंट्या मारा. पाणाड्याला एकदा उघड्या डोळ्यांनी सगळ्यांवरून फिरवा आणि नारळ कुठे उठला ते लिहून ठेवा. मग डोळे बांधून, खुंट्यांचा क्रम बदलून पुन्हा फिरवा. हात धरून नेणाऱ्याला पहिल्या फेरीचा निकाल माहीत असता कामा नये, कारण त्याची पावलं अडखळली तरी पाणाड्याला इशारा मिळतो. पहिल्या फेरीतल्याच खुंट्यांवर नारळ पुन्हा उठला तर मामला विचार करण्यासारखा आहे. इतरत्र उठला तर काम नजर करत होती.

डोळे बांधण्याची ही रीत फॅरेडेच्याही आधीची आहे. 1784 मध्ये पॅरिसला मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे अदृश्य शक्तीने आजार बरे करण्याच्या दाव्याची, चौकशी झाली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’ आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडापाशी पोरगा बेशुद्ध होऊन पडला, आणि भारलेलं झाड भलतंच होतं. मुलाचं पडणं खरं होतं, त्याचं कारण मात्र झाडात नव्हतं. समितीने दोन्ही गोष्टी नोंदवल्या. आपल्याकडच्या वादात यातली एकच बाजू ऐकू येते: एक गट म्हणतो सगळं खोटं, दुसरा म्हणतो सगळं दैवी.

घड्याळाचे ठोके आणि बेडकाचा पाय

मोजण्याची खरी सुरुवात तक्रारीतून झाली. ग्रीनिचच्या वेधशाळेत ताऱ्याची वेळ नोंदवायची पद्धत अशी: दुर्बिणीत तारा सरकताना बघायचा, कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे आणि तारा दुर्बिणीतल्या उभ्या रेषेवरून गेला तो क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचा. सहायक डेव्हिड किनब्रुक याच्या नोंदी वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलाइन यांच्या नोंदींपेक्षा 0.8 सेकंद उशिरा पडू लागल्या. 1796 मध्ये त्याची नोकरी गेली. पंचवीस-तीस वर्षांनी बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात हे आलं आणि त्याने नामांकित निरीक्षकांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. प्रत्येकाचा ठरावीक फरक निघाला. त्याच्या आणि त्याच्या एका सहकाऱ्याच्या नोंदींत तर तो सेकंदभराचा होता. म्हणजे किनब्रुक आळशी नव्हता. बघणं आणि ऐकणं जुळवायला मेंदूला वेळ लागतो, आणि तो माणसागणिक वेगळा असतो.

मज्जातंतूतून संदेश इतका वेगाने धावतो की तो मोजताच येणार नाही, असं तेव्हाचे मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाची मज्जातंतू स्नायूजवळ आणि स्नायूपासून दूर अशा दोन जागी विजेने चेतवली, आकुंचनाला लागणाऱ्या वेळेतला फरक घेतला आणि वेग काढला: सेकंदाला सुमारे 27 मीटर. वादळी वाऱ्याचा वेगही कधी कधी यापेक्षा जास्त असतो. विचाराला वेळ लागतो, ही कल्पना या आकड्यानंतर पक्की झाली.

हे घरी करून बघता येतं. 30 सेंटिमीटरची फुटपट्टी एकाने वरच्या टोकाला उभी धरायची. दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी साधारण दोन सेंटिमीटर उघडी ठेवायची, पट्टीला लावायची नाहीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. 15 सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे 0.175 सेकंद, 20 वर 0.20, 25 वर 0.226. दहा वेळा करा आणि मधला आकडा धरा. यात हमखास तीन गोष्टी बिघडतात. सोडणाऱ्याचं मनगट सोडण्याआधी किंचित हलतं आणि पकडणारा त्यावरून ओळखतो. सोडण्यातलं अंतर ठरावीक पडलं की पकडणारा अंदाजाने बोटं मिटतो. आणि बोटं कमी-जास्त उघडी राहिली की आकडे फिरतात. 10 सेंटिमीटरच्या आत पकडली गेली तर तो अंदाज होता, ती फेरी सोडून द्या.

आता नियम बदला. सोडणाऱ्याने पट्टी सोडताना ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं आणि त्याच हाताने पकडायची. लगेच उशीर वाढतो, एका पट्टीत भागत नाही, दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. दोन्ही वेळांमधला फरक हा निव्वळ निवड करण्याचा वेळ, असं डच डॉक्टर डाँडर्सने 1868 मध्ये मांडलं. ही वजाबाकी आज जितकी साधी दिसते तितकी ती पक्की नाही. निवड आली की पकडण्याची तयारीही बदलते. पण मनातल्या एका पायरीला सेकंदात आकडा मिळाला, ही मोठी गोष्ट होती.

त्याच्या आधी अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1834 मध्ये स्पर्शाची मापं घेतली होती. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन्ही टोकं बोटाच्या पेराला टेकवली तर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही दोन टोकं कळतात. हाताच्या पुढच्या भागावर मात्र साडेतीन-चार सेंटिमीटर अंतर असल्याखेरीज एकच टोक वाटतं. करून बघताना टोकं बोथट घ्या, दोन्ही एकाच वेळी टेकवा आणि अधूनमधून मुद्दाम एकच टोक लावा. एकाला माणूस दोन म्हणू लागला तर तो अंदाजाने बोलतोय, आणि त्याची बाकीची उत्तरंही तितक्याच सावधपणे घ्यायची. प्रयोगातली ही छोटी लबाडी आजही मानसशास्त्राच्या हाडात आहे.

वजनाचंही तसंच. हातात उचलून तोलताना फरक कळायला मूळ वजनाच्या सुमारे चाळिसाव्या भागाची भर लागते, असं वेबरला दिसलं. एक किलोच्या पिशवीत 25 ग्रॅम वाढले तर कळतील. पाच किलोच्या पिशवीत तेवढेच 25 ग्रॅम कळणार नाहीत, तिथे 125 लागतील. बाजारात मोठ्या वजनाला काटा मागावा तो यासाठी. फेख्नरने 1860 मध्ये यावरून संवेदनेचं गणित मांडलं.

एवढं सगळं झाल्यावर 1879 मध्ये विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा थाटली आणि पाठ्यपुस्तकांनी ते साल जन्मसाल म्हणून छापलं. सोयीचं साल आहे, इतकंच. वुंटबद्दलही एक गैरसमज पक्का आहे: तो लोकांना बसवून ‘आत काय वाटतंय ते सांगा’ असं विचारायचा. त्या प्रकारचं दीर्घ आत्मनिरीक्षण त्याच्या टिचनर या विद्यार्थ्याने अमेरिकेत रूढ केलं. वुंटच्या प्रयोगशाळेत वेळ, ध्वनी, प्रकाश यांची मोजमापं चालत, आणि भाषा, चालीरीती, पुराणकथा यांवर त्याने वेगळे दहा खंड लिहिले, कारण त्या गोष्टी प्रयोगशाळेत मावत नाहीत हे त्याला कळत होतं.

‘हे सगळं आपल्या ग्रंथांत होतंच’ हे वाक्य इथे हटकून येतं. काही अंशी खरं आहे. सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन असे वेगळे भाग पाडले. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याच्या उपचाराला सत्त्वावजय म्हटलंय. वर्गीकरण म्हणून हे काम फार वरच्या दर्जाचं आहे. पण अमुक उपचार शंभरांपैकी कितींना लागू पडला आणि उपचाराविना किती बरे झाले, ही नोंद तिथे नाही. शरीरातल्या चार रसांवर स्वभाव आणि आजार ठरतात, या ग्रीकांच्या कल्पनेतही ती नाही. तेव्हा या बाबतीत पूर्वेने किंवा पश्चिमेने छाती फुगवण्याचं कारण दिसत नाही.

भारतात हा विषय विद्यापीठात आला तो कोलकात्याला, 1916 मध्ये. विभागाची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती. ते हार्वर्डला वुंटच्याच एका शिष्याकडे, म्युन्स्टरबर्गकडे शिकून आले होते. म्हणजे सुरुवात प्रयोगशाळेतून झाली. मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून शोधण्याची फ्रॉइडची पद्धत, नंतर आलं: डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये त्याची भारतीय संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी बरीच वर्षं पत्रव्यवहार होता, आणि त्यात ते मतभेदही मोकळेपणाने मांडत.

फ्रॉइडबद्दल एवढंच: तो मज्जातंतूंचा डॉक्टर होता, त्याचे मनाबद्दलचे सिद्धांत प्रयोगांवर उभे नव्हते, आणि मानसशास्त्राचा जनक वगैरे तो नव्हे. आपल्या नकळत मन बरंच काम उरकतं, ही गोष्टही त्याच्या आधी हेल्महोल्ट्झने दृष्टीबाबत मांडली होती. आज समुपदेशनात कोचावर निजवून स्वप्नं उलगडत बसण्याची पद्धत क्वचित दिसते. नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती ॲरन बेक याने 1960च्या दशकात उभी केली. बेक मूळचा मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, ही फ्रॉइडची कल्पना रुग्णांच्या स्वप्नांवरून सिद्ध करायला तो बसला आणि नोंदी उलट निघाल्या, तेव्हा त्याने वाट बदलली. या उपचारात साधारण आठवड्याला एक अशा 12 ते 20 बैठका होतात, आणि मधल्या दिवसांत रुग्णाला लेखी घरचा अभ्यास असतो. तो केला नाही तर बैठकांचा उपयोग कमी होतो, असं समुपदेशक सांगतात ते उगीच नाही.

अवस, पुनव आणि उधाण

किनाऱ्यावर राहणाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण डोळ्यांनी दिसतं. त्यावरून पुढचं पाऊल सहज पडतं: समुद्राला भरती येते, माणसाच्या शरीरात एवढं पाणी, मग डोक्यात फरक पडणारच. यातली खोच अशी की चंद्र पाणी ‘ओढतो’ म्हणून भरती येत नाही. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूवर आणि पलीकडच्या बाजूवर पडणाऱ्या ओढीत फरक असतो, आणि तो फरक दिसायला पृथ्वीच्या व्यासाएवढं, सुमारे 12,700 किलोमीटरचं अंतर लागतं. गावच्या तळ्याला भरती येत नाही. साडेपाच फुटांच्या माणसाला कुठून येणार?

1985 मध्ये रॉटन आणि केली यांनी चंद्र आणि मानसिक त्रास यांवरचे 37 अभ्यास एकत्र तपासले. नाव घेण्यासारखा संबंध निघाला नाही. तरी समज टिकतो, कारण अवसेला कोणी ओरडलं तर ते तिथीसह लक्षात राहतं आणि सप्तमीला ओरडलं तर फक्त ओरडणं. एक शक्यता मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वीज नव्हती त्या काळी चांदण्या रात्री लोक जास्त जागत असणार, आणि बायपोलर आजारात (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) एखाद्या रात्रीची झोप मोडली तरी उन्मादाचा झटका येऊ शकतो. घरात असा रुग्ण असेल तर पंचांग बघू नका, झोपेची वही ठेवा. दशावतार, जत्रा, लग्नघर यांतल्या सलग जागरणांना जपा. झोप तीन-चार तासांवर आली आणि तरीही माणूस ताजातवाना, बडबडा, खर्चिक झाला तर त्याच आठवड्यात डॉक्टरला गाठा.

अंगात येणं

या विषयावर शहरी सुशिक्षित माणूस हमखास घसरतो. गावऱ्हाटीत (गावच्या देवस्थानाच्या रीतीत), मांडावर, जत्रेत, तरंग (देवाच्या सजवलेल्या काठ्या) नाचताना ज्याच्यावर अवसर येतो तो मनोरुग्ण, असं तो सरळ म्हणून टाकतो. वैद्यकशास्त्र असं म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीत समाधी आणि संचार यांसाठी एफ 44.3 असा संकेतांक आहे. त्यात अट आहे: अवस्था अनैच्छिक किंवा नकोशी असावी आणि धार्मिक वा समाजमान्य प्रसंगाच्या बाहेर येत असावी, तरच तो आजार धरायचा. ठरल्या जागी, ठरल्या दिवशी, ढोल वाजल्यावर वारं येतं, गाऱ्हाणं ऐकतं, कौल देतं आणि उतरतं. दुसऱ्या दिवशी माणूस काजूच्या बागेत कामाला जातो. इथे उपचार करण्यासारखं काही नाही. लक्ष एका बिंदूवर आवळलं जातं आणि स्वतःच्या हालचाली आपण करतोय ही जाणीव सैल पडते. हे होऊ शकतं, आणि ते सोंग असण्याची गरज नाही.

गोष्ट बदलते ती तेच वारं सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात येऊ लागलं की. सासरी गेलेल्या पोरीला, परीक्षेच्या वर्षातल्या मुलाला, जमिनीच्या भांडणात घुसमटलेल्या बाईला. नको असताना येणं, वारंवार येणं, कामधंदा बुडणं या खुणा दिसल्या की मदत घ्यायची. आणि काही वेळा तर ‘बाहेरचं’ म्हणून एक तासही दवडायचा नाही. झटक्यात जीभ चावली गेली, कपड्यांत लघवी झाली, नंतर सुस्ती आली: अपस्माराची (फेफऱ्याची) शक्यता. ताप आणि असंबद्ध बोलणं एकत्र: मेंदूपर्यंत पोचलेला संसर्ग असू शकतो, त्या रात्रीच रुग्णालय. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडणं, संशय, भलतंच बोलणं, बाळाबद्दल विचित्र कल्पना: हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होणारा हा तीव्र आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. लवकर उपचार मिळाले तर ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. बाधा समजून उतारे टाकत बसण्यात जातात ते नेमके महत्त्वाचे दिवस.

भूत उतरवायला दोरखंडाने बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवाला गाऱ्हाणं घालणं गुन्हा नाही. घरच्यांना समजावताना हा फरक सांगितला की निम्मा विरोध मावळतो. नारळ ठेवा आणि गोळ्याही चालू ठेवा.

कवटीवरून बोटांवर

1800च्या आसपास व्हिएन्नात गाल नावाच्या डॉक्टरने कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगायचं शास्त्र काढलं. मनाच्या 27 शक्ती, प्रत्येकीची मेंदूत जागा, जागा मोठी तर कवटी फुगीर. मेंदूत कामांची वाटणी आहे एवढं त्याचं खरं निघालं. 1861 मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने बोलण्याशी निगडित भाग दाखवला. उंचवट्यांचं सगळं खोटं.

तोच माल आज बोटांच्या ठशांची चाचणी म्हणून शाळांच्या पालकसभेत विकला जातो. दहा बोटं स्कॅन करायची, काही हजार रुपये घ्यायचे आणि मुलगा डॉक्टर होईल की कलाकार ते रंगीत अहवालात छापायचं. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यात आकार घेतात, आणि त्यांचा बुद्धीच्या प्रकारांशी संबंध असल्याचा स्वीकारण्याजोगा पुरावा नाही. तरी पालक म्हणतात, ‘अगदी आमचाच बंड्या!’ याचं उत्तर 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दिलं. त्याने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा खास’ अहवाल दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण मिळाले.

शाळेत असा कोणी आला तर पैसे देण्याआधी एक करा. आधी चाचणी झालेल्या पाच मुलांचे अहवाल घ्या, नावं आणि मुलगा-मुलगी कळेल ते शब्द झाका, पाने मिसळा आणि पाचही पालकांना आपल्या मुलाचा अहवाल शोधायला सांगा. नुसत्या नशिबाने पाचांत सरासरी एक बरोबर येतो. विक्रेता या खेळाला तयार होतो का, यावरूनच बरंच कळतं.

मेंदूचा दहाच टक्के वापर होतो, हे वाक्यही याच दुकानातलं. शरीराच्या वजनाच्या 2 टक्के असलेला मेंदू सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के निकामी अवयवाला शरीर एवढं पोसत नसतं.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर असतो, त्यामुळे अभ्यासाच्या युक्त्यांनाही इथे गिऱ्हाईक आहे. ‘माणूस एका दिवसात सत्तर टक्के विसरतो’ हा क्लासवाल्यांच्या फलकावरचा आकडा हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या 1885 च्या कामातून येतो, तोही मोडतोड होऊन. त्याने अर्थहीन अक्षरांच्या याद्या मिनिटाला 150 ठोक्यांच्या तालावर स्वतः पाठ केल्या, आणि नंतर तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. 20 मिनिटांनी 58 टक्के वेळ वाचला, एका दिवसाने 34, एका महिन्याने 21. म्हणजे हा आकडा ‘किती आठवलं’ याचा नाही, ‘पुन्हा शिकायला किती सोपं गेलं’ याचा आहे, आणि तोही निरर्थक अक्षरांचा. इतिहासाचा धडा इतक्या झपाट्याने पुसला जात नाही.

उपयोगाचा आकडा 2006 चा आहे, रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे 42, लिहिणारे 56. पहिल्या आकड्यामुळेच मुलं फसतात. पुन्हा वाचल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटतं आणि ते खरंही असतं, फक्त परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. यांपैकी कोणीही चेहरा बघून मन ओळखत नाही. खोटं बोलणारा ओळखण्यात माणसांची अचूकता साधारण 54 टक्के निघते, नाणेफेकीपेक्षा जेमतेम वर.

‘रत्नागिरीला पाठवायला पाहिजे’ असं चेष्टेत म्हणतात ते तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयावरून. ठाणे, पुणे आणि नागपूर यांच्याबरोबरचं राज्याचं हे जुनं रुग्णालय. तिथे गेलं की आयुष्यभर कोंडतात, ही भीती जुन्या कायद्यांच्या काळची. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली आणि शक्य तिथे रुग्णाच्या संमतीने दाखल करणं हा मुख्य मार्ग ठरवला. विजेचा उपचार अजून आहे, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो करता येत नाही.

गोळ्यांबद्दल सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन ठिकाणी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणून रुग्ण आठव्या दिवशी सोडतो आणि ‘लागू पडलं नाही’ म्हणतो. दुसरं, बरं वाटलं की परस्पर बंद करणं. या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. सवय लागण्याचा खरा धोका काही ठरावीक झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा असतो, आणि त्या मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेणारे घरोघरी सापडतात. सह्याद्रीच्या जंगलात मिळणारी सर्पगंधा वाटून देण्याचा सल्लाही कोणी देतं. तिचा दाखला खरा आहे: गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये उन्माद आणि रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला, आणि 1950च्या दशकात तिच्यातलं रेसर्पिन जगभर वापरलं गेलं. पण मुळीच्या चिमटीत औषध किती ते घरी कळत नाही, आणि रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो.

पहिली चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करावी. जाणं लगेच शक्य नसेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य आहे. फोन करण्याआधी कागदावर लिहून ठेवा: त्रास कधी सुरू झाला, झोप किती तास, जेवण किती, दारू किंवा इतर व्यसन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, घरात आधी कोणाला असं झालं होतं का, आणि जीव देण्याची भाषा एकदा तरी केली का. शेवटचा प्रश्न रुग्णाला थेट विचारायला हरकत नाही; विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही.